सोबत्याची हजेरी

गार्डन रीच हे नाव नागपूर-गोंदियाच्या जुन्या रेल्वे कामगारांना नवे नाही. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेचा कारभार कलकत्त्याला हुगळीच्या काठी असलेल्या याच वस्तीतून चाले. 1955 मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली तरी मुख्यालय तेथेच राहिले आणि 2003 मध्ये बिलासपूरचे क्षेत्र वेगळे होईपर्यंत नागपूर विभाग त्याच मुख्यालयाच्या हुकमतीखाली होता. बदली, बढती, बडतर्फी, साऱ्यांचे अखेरचे हुकूम गार्डन रीचहून यायचे. रेल्वेचे मध्यवर्ती रुग्णालयही तेथेच आहे. विभागीय डॉक्टरांच्या आवाक्याबाहेरचा रोगी क्षेत्राच्या रुग्णालयाकडे पाठवावयाचा, हा रेल्वेचा शिरस्ता. त्यामुळे इतवारीच्या यार्डात काम करणाऱ्याच्या अंगी कर्करोग निघाला तर शिरस्त्याने त्याची वाट अकराशे किलोमीटरांची होती आणि ती वाट एकट्याने चालण्याजोगी नव्हती. बरोबर बायको हवी, भाऊ हवा, नाहीतर चाळीतला एखादा सहकारी तरी हवा.

रेल्वेच्या नियमांत या बरोबरच्या माणसाला जागा आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कोणाही कर्करोग्याला शयनयान व वातानुकूलित तृतीय वर्गात भाडे पूर्ण माफ आहे आणि त्याच्या एका सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारने ज्येष्ठ नागरिकांसह अनेकांच्या सवलती काढून घेतल्या. रुग्णांच्या सवलतीला हात लावण्याचे धाडस मात्र त्यालाही झाले नाही. राज्ययंत्रणेच्या दफ्तरात सोबती नावाचा माणूस ज्या मोजक्या जागी आढळतो, त्यांपैकी ही एक. गाडी हावड्याला किंवा मुंबईला पोहोचली, की तो दफ्तरातून नाहीसा होतो. त्याने कोठे झोपावे, काय खावे, त्याची बुडालेली मजुरी कोणी द्यावी, याविषयी कायदा मौन पाळतो.

हे मौन किती महाग पडते ते पाहण्यासाठी लांबच्या रोग्याकडे जाण्याचे कारण नाही. गार्डन रीचचा रहिवासी उपचारांपासून दूर नाही. हाजरा येथील चित्तरंजन कर्करोग रुग्णालय आणि 1973 साली डॉ. सरोज गुप्ता यांनी ठाकूरपुकूरला उभारलेले केंद्र, ही दोन्ही दक्षिण कलकत्त्यातच आहेत. चित्तरंजन रुग्णालयाचे उद्घाटन जानेवारी 1950 मध्ये इरेन ज्योलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले होते. फॅसिझमविरोधी लढ्यात उभी राहिलेली ही थोर शास्त्रज्ञ पुढे 1956 साली स्वतः रक्ताच्या कर्करोगाने गेली. तेव्हा प्रश्न केवळ अंतराचा नाही, तो दिवसाचा आहे. किरणोपचार, ज्याला लोक 'शेक' म्हणतात, तो आठवड्यातले पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतो. केमो घेतलेल्या माणसाला घरी आणून त्याच्या उलट्या काढाव्या लागतात, ताप चढला तर मध्यरात्री पुन्हा न्यावे लागते. मेटियाब्रुजच्या तयार कपड्यांच्या धंद्यात ओस्तागराच्या हाताखाली नगावर मजुरी घेणारा शिंपी असे चार महिने काढतो, तेव्हा त्याचे यंत्र थांबलेले असते. नग नाही तर दाम नाही. आजारी त्याची आई, पण उपासमार साऱ्या घराची.

संघटित कामगाराची स्थिती बरी, पण तीही अर्धवट. कर्मचारी राज्य विमा योजनेत कर्करोगासारख्या दीर्घ आजारासाठी, अटी पुऱ्या केल्यास, वेतनाच्या 80 टक्के लाभ कमाल दोन वर्षांपर्यंत मिळतो. हा कामगार चळवळीने जपलेला हक्क आहे व त्याचे मोल कमी लेखू नये. परंतु तो विमाधारक स्वतः आजारी पडला तरच. त्याची पत्नी आजारी पडली तर तिला औषधोपचार मिळतो. तिच्या उशाशी बसणाऱ्या कामगाराच्या हाती बिनपगारी रजाच उरते. कंत्राटी कामगाराला तर रजा म्हणजे उद्यापासून दुसरा माणूस. आणि 1960 साली सरकारने ताब्यात घेतलेल्या गार्डन रीचच्या जहाज कारखान्यापासून मेटियाब्रुजच्या गल्लीतील शिवणयंत्रापर्यंत चालत गेले, तर काही मिनिटांतच वैद्यकीय हक्क असलेल्या जगातून काहीच नसलेल्या जगात प्रवेश होतो.

खर्चाचे आकडे सर्वांना पाठ आहेत. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार कर्करोगासाठी एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात 22,520 रुपये, तर खाजगीत 93,305 रुपये होता. बंगालमधील 2016 ची स्वास्थ्य साथी असो की महाराष्ट्रातील महात्मा फुले योजना, हे विमे रुग्णालयाचे बिल पाहतात. रुग्णालयाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाचे बिल त्यांना दिसत नाही.

त्या बाकावर बहुधा स्त्री असते. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातील माणसांच्या बिनमोबदला शुश्रूषेत सहभागी होणाऱ्या स्त्रीचे दिवसाला 134 मिनिटे त्यात जात असल्याचे आढळले, पुरुषाचे 76. सहभागी होणाऱ्या पुरुषांची संख्याही स्त्रियांच्या निम्मीच. पुरुषाची शुश्रूषा 'त्याग' ठरते, स्त्रीची 'स्वभाव' ठरते, आणि स्वभावाला मजुरी कोण देणार? कामगार चळवळीच्या इतिहासानेही या श्रमाची नोंद तोकडीच घेतली आहे. जेनी मार्क्स 2 डिसेंबर 1881 रोजी लंडनमध्ये कर्करोगाने गेली, तेव्हा मार्क्स स्वतः छातीच्या विकाराने अंथरुणाला खिळलेला होता. डॉक्टरांनी त्याला अंत्ययात्रेलाही जाऊ दिले नाही. एंगेल्सने थडग्यापाशी केलेले भाषण छापले गेले, वाचले गेले. दोन्ही खोल्यांत रात्रंदिवस जागल्या त्या मुलगी एलिनोर आणि घरकाम करणारी हेलेन देमुथ. भाषणाइतकेच ते जागरणही या चळवळीच्या इतिहासाचा भाग आहे.

जहाजबांधणीच्या वस्त्यांपुरते आणखी एक सांगितले पाहिजे. जहाजांत जगभर ॲस्बेस्टॉस वापरले गेले आणि त्याच्या धुळीने होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग कित्येक दशकांनी वर येतो. 1965 मध्ये लंडनच्या न्यूहाउस व थॉम्पसन या संशोधकांना आढळले, की ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल टाकले नव्हते अशा नातेवाइकांनाही, प्रामुख्याने कामगारांचे कपडे धुणाऱ्यांना, हा रोग झाला होता. म्हणजे काळजी घेणे हाच अपघात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी 40 वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. कपडे धुणाऱ्या बाईची नोंद कोणत्या वहीत ठेवायची, हे त्यातही नाही.

मुंबईत परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून गिरणगावाच्या मध्यावर उभे आहे. भोवतालच्या गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, मनोरे उठले. पदपथावर अंथरूण टाकून राहणारी रोग्यांची कुटुंबे मात्र तेथेच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने यांतील कितीकांना छप्पर व जेवण दिले. 2021 मध्ये सरकारने 100 घरे या कुटुंबांसाठी देऊ केली, तेव्हा इमारतीतील रहिवाशांनीच हरकत घेतली आणि सरकारला दुसरी जागा शोधावी लागली. ज्या गिरणगावात गावाहून आलेल्या माणसाला दहा बाय दहाच्या खोलीत वळकटी पसरायला जागा मिळत असे, तेथे असे घडावे, हे जमिनीच्या भावाने माणसांचे काय केले त्याचे उदाहरण आहे. रहिवाशांना दोष देऊन भागणार नाही, पण त्यांना मोकळेही सोडता येणार नाही.

येथे कार्यकर्त्यांविषयी थोडे. आजारी सहकाऱ्याला भेटायला गेलेला कार्यकर्ता बहुधा 'लढा द्या, हरू नका' असे म्हणतो. लढा हा शब्द या चळवळीचा आहे, म्हणूनच तो जपून वापरावा. संपात माघार घेतली तर चूक शोधता येते. गाठ वाढली तर रोग्याची कोणती चूक? असे म्हटल्याने मरणाऱ्यावर पराभवाची जबाबदारीही टाकली जाते. त्याला हवे असते ते निराळे: रोग काय आहे हे लपवू नये, उपचार थांबवायचे असतील तर त्याला विचारावे, वेदना थांबाव्यात. यातले शेवटचे केवळ मायेने होत नाही. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याने मॉर्फीन इतके दुर्मीळ केले, की असंख्य रोगी ओरडत गेले. त्यात सुधारणा व्हायला 2014 उजाडावे लागले, आणि गावपातळीवर ते आजही सहज मिळत नाही.

केरळने दुसरी वाट दाखविली. 1993 साली कोझिकोडला सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जाळे विणले गेले आणि 2008 मध्ये डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने परिहार सेवेचे धोरण ठरवून पंचायतींच्या परिचारिका घरोघर पाठविल्या. घरातील बाईला आठवड्यातून काही तास मोकळे मिळतात, जखम कशी धुवावी हे शिकवणारे कोणी येते. चौतीस वर्षे डाव्यांची सत्ता असलेल्या बंगालमध्ये असे जाळे त्या प्रमाणात उभे राहिले नाही, याचा विचार तेथील साथींनी करावा.

पक्षशाखेला आजच करता येण्याजोगे काम साधे आहे. ज्या घरात असा रोगी आहे तेथे पाळ्या लावाव्यात: पहाटे केसपेपरच्या रांगेत कोण, दुपारी मुलांच्या जेवणाला कोण, रात्रपाळीला कोण, आणि पाळ्यांच्या यादीत पुरुषांची नावे आधी घालावीत. युनियनच्या पुढच्या मागणीपत्रकात कर्करोग्याच्या एका सोबत्याला उपचारकाळात पगारी रजा, कंत्राटी व नगावरच्या कामगाराला बुडालेल्या दिवसांचा भत्ता, आणि प्रत्येक मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या आवारात सरकारी खर्चाने निवारा, ही तीन कलमे असावीत. मालक विचारतील, सोबती कोण हे ठरवणार कसे? रेल्वेचा तिकीट बाबू ते रोज ठरवतो.