‘वॉटरप्रूफ’ म्हणजे किती?



चातुर्मास आणि पावसाळा जोडीनंच येतात. पुण्यातल्या मोबाइलच्या दुकानांत या दिवसांत ‘वॉटरप्रूफ आहे ताई, बिनधास्त घ्या’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. माझं मत विचाराल तर दुकानदारानं हा शब्द वापरूच नये. आपणही त्यावर न थांबता आयपीचा आकडा विचारावा.

हा आकडा पच्चक्खाणासारखा असतो. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं, मर्यादा ठरलेली. आयपी ६७ मधला पहिला अंक धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही. दुसरा पाण्याचा. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ, हे कंपनी ठरवते. म्हणून ६८ चे दोन फोन सारखे असतीलच असं नाही. अंकाऐवजी एक्स असेल, तर त्या बाबतीत काहीच सांगितलेलं नाही. शिवाय ही चाचणी नव्या वस्तूची, तीही साध्या गोड्या पाण्यात. साबणाचं पाणी, समुद्राचं खारं पाणी त्यात येत नाही.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत मुठेचं पाणी घरांत शिरलं, ते गाळानं भरलेलं होतं. अशा पाण्याची हमी ६८ सुद्धा देत नाही. मर्यादा न सांगता ‘वॉटरप्रूफ’ म्हणणं मला म्हणूनच अर्धसत्य वाटतं.

आणखी एक. चालतंय म्हणून फोन नळाखाली धुणारी मंडळी मी पाहते. नळाच्या जोरदार धारेची चाचणी वेगळी असते, ७ किंवा ८ मध्ये ती धरलेली नसते. आणि आपण तर पाण्यालाही जीव मानतो, ते गाळून, मोजून वापरतो. ओलसर फडक्यानं पुसून भागत असताना पाणी कशाला सांडायचं? जयणा इथंही लागू आहेच.

तेव्हा फोन घेताना तीन प्रश्न विचारा: आकडा कोणता? किती खोल, किती वेळ? पाणी गेलं तर वॉरंटी मिळेल का? आणि स्क्रीन किंवा बॅटरी बदलायला फोन उघडला, तर आतलं सील नवं बसवलं का, हेही विचारून घ्या.