स्टेंट, नग १

"टाके नाहीत, चिरफाड नाही, तिसऱ्या दिवशी घरी!" हे वाक्य आमच्या पिढीला आता पाठ झाले आहे. ठाण्याच्या तलावपाळीवर बसा, डोंबिवलीत फडके रोडला उभे राहा, नाहीतर कल्याणच्या काळा तलावाला फेऱ्या मारा. सत्तरीपुढची चार माणसे जमली की एखाद्याच्या हृदयात स्टेंट असतोच, आणि तो बाकीच्यांना धीर देत असतो. हृदयापुरते ते ठीक आहे. पण तेच वाक्य आता मानेतल्या धमनीलाही लावले जाते, आणि त्याला माझा विरोध आहे. विरोध स्टेंटला नाही, डॉक्टरांना तर नाहीच नाही. 'बिनटाक्याचे म्हणजे बिनधोक' या समजुतीला आहे.

मी डॉक्टर नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली आणि जन्मभर शाळेत मुलांना शिकवलेली बाई. पण या विषयात सोप्या भाषेत सांगितले तर कळणार नाही असे काही नाही. ते सांगितले जात नाही, हीच माझी तक्रार आहे.

मानेच्या बाजूला बोट ठेवले की ठोका लागतो, ती कॅरॉटिड धमनी. मेंदूला रक्त नेणारी. वयानुसार तिच्या आत चरबीचा आणि चुन्याचा थर बसतो. हृदयाच्या धमनीत मोठी भीती नळी बुजण्याची. मानेत मोठी भीती वेगळी: त्या थराचा कपचा किंवा त्यावरची गुठळी सुटून वर मेंदूत जाण्याची. क्षणभर एका डोळ्यापुढे अंधार येतो, हातातली कपबशी निसटते, जीभ जड होते, आणि पाच-दहा मिनिटांत सारे ठीक. "पित्त झाले असेल" म्हणून आपण सोडून देतो. तो मेंदूचा इशारा असतो, आणि त्यानंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात मोलाचे असतात.

तेव्हा मानेतल्या स्टेंटने नळी नुसती उघडी धरायची नसते, तो थर भिंतीशी दाबून ठेवायचा असतो. म्हणजे तो खांबही आहे आणि जाळीही. जाळी म्हटली की प्रश्न येतो विणीचा.

या जाळ्यांच्या मुख्य दोन जाती. एकीत प्रत्येक घर शेजारच्या घराला सगळीकडून जोडलेले असते. ही बंद घरांची, क्लोज्ड-सेल. भोके बारीक, पकड चांगली, पण अंगाने ताठ. दुसरीत काही सांधे मुद्दाम सोडलेले असतात. ही मोकळ्या घरांची, ओपन-सेल. ती वळणाप्रमाणे वळते, पण वळणाच्या बाहेरच्या अंगाला तिची भोके फाकतात आणि थराचा चुरा आत डोकावू शकतो. फरक किती? एका जाळीचे भोक जेमतेम १ चौरस मिलिमीटर, तर दुसऱ्या एकीचे ११ च्या वर. मच्छरदाणी आणि कोळ्याचे जाळे, दोन्हींना आपण 'जाळी' म्हणतो, तसेच हे.

आता म्हाताऱ्या माणसाची मान पाहा. वयाने महाधमनीची कमान लांबते, मानेतल्या धमन्या नागमोडी होतात, चुना घट्ट बसतो. तार जांघेतून आत घातली की तिला मानेपर्यंत जाताना ही सारी वाकडी वाट पार करावी लागते, आणि वाटेतही कपचे सुटू शकतात. ताठ जाळी अशा वळणात घातली तर ती धमनीलाच सरळ करू पाहते आणि टोकाशी धमनी दुमडते. मऊ जाळी घातली तर भोके फाकतात. आत बारीक आणि बाहेर लवचीक अशा दोन थरांच्या जाळ्या निघाल्या त्या याच पेचातून. तरुण, सरळ धमनीत हा पेच फारसा नसतो. म्हणून जाळीचा प्रश्न आधी आम्हा म्हाताऱ्यांचा आहे.

हे माझ्या मनचे नव्हे. २०१० साली अमेरिका-कॅनडातला 'क्रेस्ट' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २,५०२ रुग्ण. उपचाराच्या काळातला पक्षाघात स्टेंटवाल्यांत ४.१ टक्के, मान उघडून थर काढण्याच्या शस्त्रक्रियेत २.३ टक्के. हृदयविकाराचा झटका मात्र शस्त्रक्रियेत जास्त. आणि साधारण सत्तरीच्या पुढे शस्त्रक्रियेचे पारडे जड. त्या अभ्यासात एकच स्टेंट वापरला होता, मोकळ्या घरांचा. २०१६ साली चार अभ्यास एकत्र करून ४,७५४ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. वयाबरोबर स्टेंटचा धोका वाढत गेला, शस्त्रक्रियेचा तसा वाढला नाही. २०१८ साली युरोपातल्या तीन अभ्यासांतले १,५५७ स्टेंटवाले तपासले, तेव्हा पक्षाघात किंवा मृत्यू बंद घरांच्या जाळीत ६ टक्के आणि मोकळ्या घरांच्या जाळीत १०.३ टक्के निघाला.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर वर्गातल्या हुशार मुलाने बोट वर केलेच असते. २००८ साली युरोपातल्या दहा केंद्रांतल्या १,६८४ रुग्णांत जाळीच्या जातीने फरक पडलेला दिसला नव्हता. आणि लक्षणेच नसलेल्या रुग्णांवरच्या 'क्रेस्ट-२' चा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. त्यात नुसत्या औषधांवर चार वर्षांत ६ टक्के लोकांना फटका बसला, औषधांच्या जोडीला स्टेंट दिलेल्यांत २.८ टक्के. म्हणजे पारखलेल्या हातांत स्टेंट चांगला ठरतो. पण उलट बाजूने वाचा: नुसत्या औषधांवरही शंभरात चौऱ्याण्णव जण ठीक राहिले. घाईने सही करण्याइतकी आग लागलेली नसते, हेही त्यातच आले.

मग आमच्याकडे काय होते? आमच्या शेजारचे एक भाऊ, वय शहात्तर. एका रुग्णालयात (नाव सांगत नाही) त्यांच्या मानेत स्टेंट बसवला. वहिनी फाइल घेऊन आल्या, "बाई, जरा वाचून सांगा." बिलात हातमोजे होते, सलाइन होते, कापसाचा हिशेब होता. आणि एक ओळ: 'स्टेंट, नग १'. कुठला, कोणत्या विणीचा, कोणी बनवला, काही नाही. मिक्सर घेतला तर आपण मॉडेल नंबरसकट वॉरंटी कार्ड जपून ठेवतो!

१३ फेब्रुवारी २०१७ ला सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमती बांधल्या, साधा ७,२६० रुपये, औषधी लेपाचा २९,६०० रुपये. त्याच हुकमात असेही होते की बिलात स्टेंटचे नाव, बनवणारी कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी दाखवायची. पण तो हुकूम हृदयाच्या स्टेंटपुरता. मानेला तो लागू नाही. ज्या जागी विणीवर मेंदू अवलंबून, तिथेच 'नग १' चालून जातो. मानेच्या स्टेंटलाही तोच नियम लावा, एवढी माझी सरकारकडे मागणी आहे. किंमत बांधण्याचे पुढे बघू, आधी नाव तरी लिहा.

"इतके विचारले तर डॉक्टर रागावतील," असे कोणी म्हणेल. चांगला डॉक्टर रागावत नाही, चांगला मास्तर जसा प्रश्नावर रागावत नाही. "मुले बघून घेतील," असेही म्हणतात. मुले गुणाची आहेत, पण मेंदू आपला आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शुद्धीवर येऊन निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाऐवजी आईने दिलेली संमती चालत नाही, आणि उपचाराचे पर्याय व धोके रुग्णालाच सांगितले पाहिजेत. वय वाढले म्हणून हा हक्क मुलाच्या नावावर चढत नाही.

तेव्हा वाचकहो, सही करण्याआधी चारच प्रश्न विचारा. मला लक्षणे आहेत की नुसती डॉप्लरमध्ये सापडलेली अडचण आहे? औषधे किंवा शस्त्रक्रिया का नको? माझ्या धमनीच्या वळणाला हीच जाळी का? आणि तुम्ही माझ्या वयाच्या किती जणांना असा स्टेंट बसवला आहे? उत्तरे मराठीत मागा. आणि घरी येताना स्टेंटच्या डबीवरचे लेबल फाइलला चिकटवून मागा. त्याला पैसे पडत नाहीत.