नायक आपले, मग चित्रकार कोणाचे?

गेली काही वर्षे आपल्या समाजाच्या सभा-संमेलनांतून, पुरिमच्या कार्यक्रमांतून आणि तरुणांपुढील व्याख्यानांतून एक वाक्य हमखास टाळ्या घेऊन जात आहे. "सुपरमॅन आपल्या लोकांनी निर्माण केला!" त्यापाठोपाठ बॅटमॅन, कॅप्टन अमेरिका, हल्क, स्पायडरमॅन अशी यादी येते, पुन्हा टाळ्या होतात आणि वक्ता समाधानाने खाली बसतो.

आमचा या टाळ्यांना विरोध आहे. वाक्य खोटे आहे म्हणून नव्हे, अर्धे आहे म्हणून. "आपले लोक" म्हणजे कोण? त्यांची नावे काय? त्यांनी काय काढले, त्यांना काय मिळाले आणि जे मिळाले नाही ते कोणी ठेवून घेतले? एवढे सांगितल्यावाचून केलेला अभिमान हा उसना दागिना होय. तो घालून मिरवणे सोपे असते. मालक समोर आला म्हणजे मान खाली जाते.

प्रथम सुपरमॅनचेच घ्या. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर ही दोन यहुदी तरुण मुले. एक लिहिणारा, दुसरा चित्रे काढणारा. १९३८ साली 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात त्यांची १३ पानांची सुपरमॅनची कथा छापली गेली. तिच्याबद्दल त्यांना मिळाले १३० डॉलर. म्हणजे पानामागे दहा डॉलर. आता वाचकांनीच हिशेब करावा. पानामागे दहा डॉलर ही लिहिण्याची आणि चित्र काढण्याची मजुरी झाली. तेवढ्याच रकमेत सुपरमॅनचे कायमचे सर्व हक्क कंपनीकडे गेले. मग हक्कांची किंमत किती धरली? शून्य! ज्या ४१२ डॉलरच्या धनादेशात हे १३० डॉलर होते, त्याच्यावर या दोघांची नावेसुद्धा नीट लिहिलेली नव्हती. तो कागद २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला गेला आणि त्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरला. मजुरीच्या कागदाला मजुरीहून हजारपटीने अधिक मोल आले. मजुराला काय आले?

१९४७ साली दोघे कोर्टात गेले. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्यानंतर सुपरमॅनच्या पानावरून त्यांची नावेच नाहीशी झाली. १९७५ साली हॉलीवूडमध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट काढण्याची तयारी चालू होती, तेव्हा सीगल कारकुनी करीत होते आणि शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. ज्या वर्षी आपल्याकडे माणसाची एकसष्टी करतात, शाल-श्रीफळ देतात, त्या वयात या दोघांना वर्तमानपत्रांकडे दाद मागावी लागली. नील अॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या दोन चित्रकारांनी त्यांची बाजू उचलून धरली, तेव्हा कुठे डिसेंबर १९७५ मध्ये प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर आणि चित्रकथेवर नाव एवढे पदरात पडले. कंपनीला अचानक दया आली असे कोणी समजू नये. इतर चित्रकारांनी गलका केला म्हणून हे झाले.

आपल्या वक्त्यांना या हकिकतीत रस नसतो. त्यांना रस असतो तो सुपरमॅनच्या नावात. सुपरमॅनचे मूळ नाव 'काल-एल', म्हणजे हिब्रूत 'देवाचा आवाज', असे ते मोठ्या गूढतेने सांगतात. आम्ही नम्रपणे विचारतो, आपण राहतो कोठे? हिब्रूत आवाजाला 'कोल' म्हणतात आणि 'कल' म्हणजे हलके किंवा सोपे, हे येथील बालवाडीतले पोरही सांगेल. शिवाय सीगल आणि शुस्टर यांनी पित्याचे नाव 'जोर-एल' असे इंग्रजी एकाक्षरी 'एल' लावून लिहिले होते. देवाच्या नावासारखे दिसणारे स्पेलिंग जॉर्ज लोथर यांनी १९४२ साली आपल्या सुपरमॅनवरील कादंबरीत आणले. दोन माणसांचे वर्षानुवर्षांचे हाल बाजूला ठेवायचे आणि एका अक्षरावर प्रवचन करायचे, याला अभ्यास म्हणत नाहीत.

आता जॅक किर्बी यांच्याकडे येऊ. जन्मनाव जेकब कुर्ट्झबर्ग, जन्म १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधील गरीब वस्तीत, बाप कपड्यांच्या कारखान्यात कामगार. जो सायमन यांच्यासह त्यांनी कॅप्टन अमेरिका उभा केला. मार्च १९४१ ची तारीख असलेल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो वीर हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. अमेरिकेतील नाझी-धार्जिण्यांच्या धमक्या आल्या, तरी चित्र मागे घेतले गेले नाही. पुढे किर्बी स्वतः सैनिक होऊन फ्रान्सच्या भूमीवर लढले आणि थंडीने पाय निकामी होता होता वाचले. कागदावरचा ठोसा त्यांनी प्रत्यक्षातही मारला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९६०च्या दशकात मार्व्हेल कंपनीत स्टॅन ली यांच्याबरोबर त्यांनी फँटास्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन, ब्लॅक पँथर यांना रूप दिले. येथे काही विद्वान म्हणतात, "कल्पना लेखकाची, चित्रकार फक्त हात चालवतो." हा आक्षेप कामाची पद्धत ठाऊक नसल्यामुळे होतो. मार्व्हेलमध्ये ली कथेचा थोडक्यात आराखडा सांगत, कधी नुसत्या बोलण्यात. मग चित्रकार घरी बसून वीस-बावीस पाने काढी. कोणता प्रसंग किती चौकटींत, कोण कोठून येतो, कोण पडतो, शेवट कसा, हे सर्व पेन्सिलीने ठरे. त्यानंतर ली संवाद भरीत. १९६६ साली फँटास्टिक फोरच्या कथेत चांदीच्या रंगाचा आकाशात फळीवरून फिरणारा 'सिल्व्हर सर्फर' आला. तो आराखड्यात नव्हताच. किर्बींनी पाने आणून दिली तेव्हा लींना प्रथम दिसला, आणि हे लींनीच सांगितले आहे. याला "हात चालवणे" म्हणायचे तर नाटककारालाही टंकलेखक म्हणावे लागेल.

चित्र म्हणून पाहिले तरी किर्बींचे पान शंभरांत ओळखू येते. वीराची मूठ कागद फोडून वाचकाच्या नाकापर्यंत येते. शरीर मागे लहान, पुढे प्रचंड. स्फोटाभोवती काळ्या ठिपक्यांचा धूर, ज्याला जाणकार त्यांच्याच नावाने ओळखतात. आज पडद्यावर कोट्यवधी डॉलर खर्चून जे दाखवतात, ते या माणसाने स्वयंपाकघराच्या पगारात पेन्सिलीने दाखवले.

आणि त्याची मूळ पाने? मार्व्हेलने १९८०च्या दशकात चित्रकारांना मूळ पाने परत द्यायला सुरुवात केली, तेव्हा इतरांकडून एक पानी कागदावर सही घेतली आणि किर्बींपुढे चार पानी कागद ठेवला. कंपनीसाठी त्यांनी दहा हजारांहून जास्त पाने काढली होती; प्रथम दाखवली गेली ८८. पुन्हा चित्रकारांनी, वाचकांनी ओरड केली आणि १९८७ साली सुमारे दोन हजार पाने परत आली. बाकीची हरवली, वाटली गेली, चोरीला गेली. १९९४ साली किर्बी वारले. वारसांनी हक्कांसाठी दिलेला लढा खालच्या कोर्टांत हरला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या उंबरठ्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोडीने मिटला.

"पण कागदावर सही केली होती ना?" असा सवाल येतो. केली होती. कंपनीने धोका पत्करला होता, अनेक अंक बुडतही होते, हेही खरे. परंतु त्या धंद्यात कित्येकदा मजुरीच्या धनादेशाच्या मागेच हक्कत्यागाचा मजकूर छापलेला असे. पैसे हवेत तर सही करा, सही केली की हक्क गेले. भुकेल्या माणसाची सही कायद्याला पुरते. न्यायाला पुरत नाही. आणि त्या कंपन्यांचे मालक तरी कोण? सुपरमॅन छापणारे हॅरी डोनेनफेल्ड आणि जॅक लीबोविट्झ, मार्व्हेलचे मार्टिन गुडमन, हे सर्व यहुदीच! बॅटमॅनची गोष्ट तर याहून बोलकी आहे. बॉब केन यांनी करारात स्वतःचे नाव पक्के करून घेतले. बिल फिंगर यांनी बॅटमॅनला झगा, मुखवटा, ब्रूस वेन हे नाव आणि गॉथम शहर दिले. ते १९७४ साली निर्मात्याचे नाव न मिळताच गेले. पानांवर सही केनची आणि चित्रे शेल्डन मोल्डॉफ यांच्यासारख्या पडद्याआडच्या चित्रकारांची, असे वर्षानुवर्षे चालले. फिंगर यांचे नाव अधिकृतपणे लागले २०१५ साली, बॅटमॅनच्या जन्मानंतर ७६ वर्षांनी. केनही यहुदी, फिंगरही यहुदी. मग "आपल्या लोकांनी केले" हे वाक्य उच्चारताना आपण कोणाच्या बाजूला उभे असतो? ज्याने काढले त्याच्या, की ज्याने ठेवून घेतले त्याच्या? टाळ्या दोघांना एकदमच मिळतात, हीच आमची तक्रार आहे.

उलट स्पायडरमॅनचा पोशाख, त्याची वाकडी-तिकडी उडी, त्याचे बोलके हात हे स्टीव्ह डिटको यांचे. ते यहुदी नव्हते. म्हणून व्याख्यानात त्यांचे नाव गाळतात. हा न्याय नव्हे; हीसुद्धा कंपनीचीच रीत झाली.

आपल्या धर्माने याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, हा तोराचा दंडक आहे. ज्याचे वचन त्याच्या नावाने सांगणारा जगाला तारण आणतो, असे आपल्या आचार्यांनी शिकवले. एस्तेर राणीने राजाला कटाची बातमी मोर्दखायच्या नावाने सांगितली, हे आपण दर पुरिमला ऐकतो. त्याच पुरिमला मुले सुपरमॅनचा झगा घालून येतात आणि शुस्टर हे नाव एकाच्याही कानावर पडत नाही. आणि अरण्यातील निवासमंडप कोणी घडवला? तोरा "आपल्या लोकांनी" असे म्हणून थांबत नाही. बेझालेल, उरीचा मुलगा, हूरचा नातू, यहूदाच्या वंशातला, असे कारागिराचे तीन पिढ्यांचे नाव देते. त्याचा जोडीदार दान वंशातला ओहोलियाब, त्यालाही वगळत नाही.

नावाचे मोल आम्हा बेने इस्राएलांना कोणी शिकवावे? किर्बी, केन, ली यांनी पोटासाठी जन्मनावे बदलली. आपण पेणकर, रोहेकर, नवगावकर ही कोकणातल्या गावांची नावे समुद्रापार आणून दारावर लावली. लग्नाच्या नोंदणीच्या वेळी आपल्या आई-आजीची चौकशी करण्याचा फतवा निघाला, तेव्हा १९६४ साली आपले लोक येरुशलायमच्या रस्त्यावर उतरले. मागणी एकच होती: आमचे नाव इतर यहुद्यांच्या बरोबरीने घ्या. जो समाज आपल्या नावासाठी झगडला, त्याने दुसऱ्याचे नाव सहज पुसावे काय? १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या हिंदी बोलपटाच्या मागे आपल्या जोसेफ डेव्हिड पेणकरांचे नाटक होते, हे आज किती घरांत ठाऊक आहे? इंद्रजाल कॉमिक्समधून आपण मराठीत ज्याला 'वेताळ' म्हणून वाचले, त्या वीराचे जनक ली फॉक हे यहुदी होते आणि १९६१ पासून तीसहून अधिक वर्षे त्याची चित्रे साय बॅरी यांनी काढली, हे कोणी सांगते?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. यापुढे व्यासपीठावरून नायकाचे नाव घेणाऱ्याने त्याच दमात चित्रकाराचे नाव घ्यावे. येत नसेल तर नायकाचेही घेऊ नये. आई-बापांनी आणि आजी-आजोबांनी मुलांबरोबर चित्रकथा वाचताना पहिल्या पानावरची लहान अक्षरे मोठ्याने वाचावीत: कोणी लिहिले, पेन्सिल कोणाची, शाई कोणाची, अक्षरे कोणाची, रंग कोणाचे. आणि समाजाच्या स्मरणिका काढणाऱ्यांनी आरशात पाहावे. देणगीदारांची नावे रकमांसह छापली जातात. मुखपृष्ठावर मेनोरा किंवा एलियाहू हन्नाबीचा रथ काढणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच नसते. आता तर संगणकाला दोन शब्द सांगितले की किर्बींच्या धाटणीचे चित्र क्षणात मिळते, आणि त्याखाली नाव लिहिण्याचा प्रश्नच उरत नाही. १३० डॉलरचासुद्धा नाही.

सुपरमॅनला कोणाच्या टाळ्यांची गरज नाही; तो गोळ्या झेलतो. गरज आहे ती कागदावर वाकून डोळे घालवणाऱ्या माणसाला. अभिमान बाळगायचा असेल तर त्याचा बाळगा, आणि नाव घेऊन बाळगा.