बांदीपूरच्या रस्त्यावरचा तो ड्रायव्हर
(ओलाचे संस्थापक भाविश अग्रवाल यांना खुले पत्र)

श्री. भाविश अग्रवाल यांस,


भद्रावतीहून लिहितो आहे. तुमची कंपनी बंगळुरूची, तेव्हा तिथल्या मंडळींना भद्रावती म्हटलं की शिमोग्याकडची, पोलादाच्या कारखान्याची भद्रावती आठवेल. ही ती नव्हे. ही चंद्रपूर जिल्ह्यातली. आयुध निर्माणीची, कोळसा खाणींची, जैन मंदिराची आणि विजासनच्या बौद्ध लेण्यांची. रेल्वेला हे नाव अजून पटलेलं नाही. आमच्या स्टेशनावरची पाटी भांदक म्हणते.

तुम्ही पवईच्या आयआयटीत शिकलात, आणि २०१० मध्ये अंकित भाटींबरोबर कंपनी काढली तीही मुंबईतच. म्हणजे थोडी मराठी कानावरून गेली असणार. तेवढ्याच आधारावर हे पत्र.

कंपनी कशी सुचली याचा तुमचा किस्सा आता सगळ्यांना पाठ आहे. बंगळुरूहून बांदीपूरला निघालात, ड्रायव्हरने मध्येच गाडी थांबवून भाडं वाढवून मागितलं, तुम्ही नाही म्हणालात, त्याने तुम्हाला रस्त्यातच उतरवलं. तुमच्या जागी मी असतो तर मीही संतापलो असतो. पण हाच किस्सा आमच्या स्टँडवरच्या कोणत्याही आटोवाल्याला सांगून बघा. तो आधी विचारेल, "रिटर्नचं ठरलं होतं का?"

या एका प्रश्नासाठी पत्र लिहितो आहे.

बांदीपूर वाघांचं जंगल, आणि आमच्या तालुक्यातलं मोहर्लीही ताडोब्याचं दार. चंदनखेडा, मुधोली, मोहर्ली हा रस्ता दिवसा पर्यटकांचा असतो. रात्री उशिरा भांदकला उतरलेल्या, सोबत म्हातारी आई आणि दोन पिशव्या असलेल्या माणसाचाही तोच रस्ता. आटोवाला दुप्पट सांगतो. माणूस चिडतो. आटोवाला शांतपणे म्हणतो, "येताना खाली यावं लागते भाऊ, अन् जंगलाचा रस्ता हाय." ही लूट नाही, रिकामं परतण्याचा हिशेब आहे. अंधेरीला सवारी सोडली की दुसरी तिथेच कोपऱ्यावर उभी असते, म्हणून तुमचं गणित जमतं. मुधोलीच्या कोपऱ्यावर रात्री जे उभं असतं ते भाडं देत नाही.

तुमची वाढ आम्ही पेपरात वाचत आलो. २०१५ मध्ये टॅक्सी-फॉर-शुअर घेतलीत, २०१७ मध्ये फूडपांडाचा भारतातला धंदा. २०१८ मध्ये पर्थला गाड्या सुरू केल्यात, २०२० मध्ये लंडनला, आणि एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या तिन्ही देशांतलं काम गुंडाळून परत आलात. म्हणजे खाली परतणं कसं असतं ते आता तुम्हालाही ठाऊक आहे.

२०१५ मध्ये तुम्ही 'शेअर'ही सुरू केलं होतं. एका गाडीत अनोळखी माणसं, भाडं वाटून, याचं तेव्हा शहरात केवढं कौतुक झालं! आमच्याकडच्या काळ्या-पिवळ्या गाड्यांना ही बातमी कुणी सांगितली नाही, हे बरं झालं. तिथे मागे माणसं, पुढे माणसं, टपावर पोती, मांडीवर कुणाचं तरी पोर. करोनात तुमचं शेअर बंद पडलं. यांचंही पडलं होतं, मग गाड्या पुन्हा भरायला लागल्या.

सरकारचं म्हणाल तर एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ई-बाइक टॅक्सीला मान्यता दिली, किमान एक लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत भद्रावती साठ हजारांच्या घरात. बल्लारपूरही लाखाच्या आत. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात तर लाखाचं एकही गाव नाही. दोन जिल्ह्यांत मिळून नियमात बसतं ते एकटं चंद्रपूर. तसंही अंधार पडल्यावर मुधोलीच्या रस्त्यावर दुचाकीच्या मागे बसायला आमचा माणूस तयार होणार नाही, ती विजेवरची असली तरी.

तेव्हा तुम्हीच गाड्या घेऊन इकडे या, पण शहराचा हिशेब जसाच्या तसा उचलून आणू नका. जून २०२५ मध्ये तुम्ही फेरीमागचं कमिशन सोडून ड्रायव्हरकडून ठरावीक रक्कम घ्यायचं जाहीर केलंत. दिवसभर फेऱ्या मिळणाऱ्याला ते परवडेल. स्टँडवर नंबर लावून तास तास बसणाऱ्याला भाडं आधी हवं, रक्कम मग.

आमच्याकडे बुकिंग कसं होतं ते सांगतो. आटोवाला चंदनखेड्याला सवारी सोडतो आणि तिथल्या किराणावाल्याला सांगतो, "खाली निघालो, कुणी हाय का?" किराणावाल्याला माहीत असतं की कुणाला सकाळच्या गाडीने नागपूरच्या दवाखान्यात जायचं आहे, कुणाची पोरगी चंद्रपूरला कॉलेजात जाते. तो हाक मारतो. दोन सवाऱ्या मिळतात, परतीचं पेट्रोल सुटतं, आणि पुढच्या वेळी जाण्याचं भाडंही थोडं उतरतं. तुमच्या नकाशावर गाडी कुठे आहे ते दिसतं; ती कुठून खाली परतते आहे, हे त्या किराणावाल्यासारखं आधी सांगता येईल का? भाड्याच्या आकड्यात परतीचे पैसे वेगळे लिहून दाखवता येतील का? तसं दिसलं तर सवारी भांडणार नाही. ती मागच्या शेजाऱ्याला विचारेल, "तुलाही यायचं आहे का?"

कधी ताडोब्याला आलात तर विमानाने नागपूर आणि पुढे रिसॉर्टची गाडी असं करू नका. रेल्वेने या, भांदकला उतरा, बाहेर उभ्या आटोंपैकी एकात बसा. भाडं निघण्याआधीच सांगितलं जाईल, रिटर्न धरून. मध्ये गाडी थांबवून कुणी वाढवून मागणार नाही. मुधोलीच्या पुढे संध्याकाळनंतर कुणीच गाडी थांबवत नाही.

आपला,
भद्रावतीचा एक प्रवासी