फुलण्याआधी उपटा

श्रावणात नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठाने फिरताना खाली बघा: गाजरासारखी पानं, वर बारीक पांढरी फुलं. हे गाजरगवत. अमेरिका खंडातलं हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलं आणि देशभर पसरलं. अंगाला खाज आणतं, दमेकऱ्यांना छळतं. ते काढायला शहरातल्या बागांत श्रमदानाला येणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण विळ्याने कापू नका, बुडातून पुन्हा फुटतं. माती ओली असताना मुळासकट काढा, हातमोजे घालूनच. एका रोपाला हजारो बिया धरतात, म्हणून फुलोऱ्याआधीच. आणि शेजारचा तरोटा मात्र राखा. आपण त्याची कोवळी भाजी खातो, शिवाय तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो. येत्या रविवारी श्रमदानाला तासभर तरी या.