झोजिला: वेठीस नेमके कोण?

धागा मोठा आहे. सवडीने वाचावा.

उन्हाळा सुरू झाला की श्रीनगर–लेह महामार्गाविषयी एक तक्रार दरवर्षी नव्याने कानी येते: ‘झोजिलाच्या पायथ्याशी पर्यटक तासन्‌तास वेठीस!’ रस्त्याची दुरुस्ती सुरू असते, दरडी उपसल्या जातात, वाहने ठरलेल्या वेळी एकाच दिशेने सोडली जातात आणि मधला काही काळ मार्ग पूर्ण बंद असतो. पुण्या-मुंबईहून मोटारसायकलवर गेलेले आपले मित्र तेथूनच संतापाने लिहितात. त्यांचा त्रास खोटा नाही. माझा आक्षेप आहे तो ‘वेठीस’ या शब्दाला.

वेठ म्हणजे सत्तेने सक्तीने करून घेतलेले काम, ज्याचा मोबदला मिळत नाही किंवा नाममात्र मिळतो. ज्याची पाठ आणि ज्याचा दिवस, दोन्ही दुसऱ्याच्या मालकीचे झाले, तो वेठीस धरला गेला. हिमालयाच्या या कोपऱ्यात ती प्रथा खरोखरच होती. म्हणून येथे तो शब्द जपून वापरला पाहिजे.

आधी जागा समजून घेऊ. ‘ला’ या शब्दाचाच अर्थ खिंड, त्यामुळे ‘झोजिला खिंड’ म्हणणे हे ‘बोरघाट घाट’ म्हणण्यासारखे आहे. उंची साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे लडाखमधील इतर खिंडींच्या मानाने ही ठेंगणीच. पण काश्मीरच्या बाजूने येणारे ओले ढग आपले ओझे येथेच टाकतात, त्यामुळे बर्फ अफाट पडते. खिंडीच्या अलीकडे देवदारांची हिरवळ आणि पलीकडे द्रासचा उघडा, कोरडा मुलूख. १५३३ च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, मिर्झा हैदर दुघलात याच वाटेने काश्मीरमध्ये उतरला. असे धाडस एखादे सैन्य करी. व्यापारी मात्र उन्हाळ्याची वाट पाहत.

आणि येथेच खरी गोम आहे. खिंड उघडी असे त्याच चार-सहा महिन्यांत लडाखच्या शेतकऱ्याचे एकमेव पीक उभे असे. १८७० मध्ये महाराजा रणबीर सिंह आणि ब्रिटिश सरकार यांच्यात मध्य आशियाच्या व्यापाराविषयी करार झाला, व्यापारी मार्गावर देखरेखीसाठी संयुक्त आयुक्त नेमले गेले, काफिल्यांची सोय झाली. ती सोय उभी होती गावकऱ्यांच्या खांद्यावर. लडाखमध्ये ‘रेस’ नावाची पद्धत होती: टप्प्याटप्प्यावरच्या गावांनी पाळीपाळीने येणाऱ्यासाठी तट्टे आणि हमाल पुरवायचे, तेही वरून ठरवून दिलेल्या दराने. साहेबाला पुढच्या मुक्कामी पोहोचण्याची घाई असली, तर कापणीला आलेले पीक सोडून शेतकऱ्याने तट्टू घेऊन निघायचे. पलीकडे गिलगितच्या वाटेवरची बिगार तर याहून भयंकर होती. हजारो काश्मिरी शेतकरी तिकडे ओझी वाहण्यासाठी नेले गेले आणि त्यांतील कित्येक परतले नाहीत. जमाबंदीसाठी आलेल्या वॉल्टर लॉरेन्सने १८९५ च्या आपल्या ग्रंथात या बिगारीवर कठोर टीका केली आहे.

तेव्हा प्रवासी सहसा थांबत नसे. त्याच्यासाठी गाव थांबत असे. आपल्या नाणेघाटातला दगडी रांजण पाहताना घाटाने किती जकात दिली, हे आपण विचारतो. घाटावरच्या माणसांनी काय दिले, हे विचारायचे बहुधा राहून जाते.

१९४८ ने हा क्रम उलटा करून दाखवला. त्या वर्षी लेहच्या बचावासाठी कुमक पाठवायची होती आणि खिंड बर्फाखाली होती. १६ फेब्रुवारीला मेजर पृथी चंद यांची चाळीसेक जणांची तुकडी श्रीनगरहून निघाली आणि भर हिवाळ्यात झोजिला ओलांडून ८ मार्चला लेहमध्ये पोहोचली. त्या तुकडीबरोबर सोनम नोरबू हे लडाखी अभियंते होते. रस्ता उघडण्याची प्रतीक्षा न करता त्यांनी स्थानिकांच्या मदतीने लेहला धावपट्टी तयार केली. २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन तेथे डाकोटा उतरवले. इतिहासाच्या पुस्तकांत वैमानिकाचे नाव ठळक असते. सोनम नोरबूंचे नाव बहुधा तळटीपेत.

पुढे झोजिला शत्रूच्या हाती गेली. सप्टेंबरमधले हल्ले फसले. मग ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, ओळखू येऊ नयेत म्हणून बुरूज उतरवून, जम्मूकडून गुपचूप आणले गेले. पण खेचरांच्या पायवाटेवर रणगाडा चढणार कसा? बालताल ते झोजिला ही वाट मद्रास सॅपर्सनी रुंद केली. हवामान बिघडले, हल्ला पुढे ढकलावा लागला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी रणगाडे खिंडीत शिरले आणि शत्रू अवाक झाला. त्या दिवसाचा वेग सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीचे खोदकामाचे दिवस आणि थांबणे आपण विसरतो.

आता वर्तमानाकडे. हिवाळ्यानंतर बर्फ काढताना सोनमर्गकडून सीमा सडक संघटनेचा ‘बीकन’ प्रकल्प आणि द्रासकडून ‘विजयक’ प्रकल्प काम करत मधोमध भेटतात. पूर्वी खिंड सहा-सहा महिने बंद राहत असे. २०२५ मध्ये ती अवघ्या ३२ दिवसांत उघडली. या यंत्रांमागे माणसे आहेत आणि त्यांतील पुष्कळ झारखंडच्या संथाल परगण्यातून येतात. मे २०२० मध्ये टाळेबंदीत लडाखला अडकलेल्या साठ मजुरांना विमानाने रांचीला आणावे लागले, आणि पंधरवड्यात दुमक्याहून दीड हजारांहून अधिक मजुरांना घेऊन विशेष रेल्वे पुन्हा उत्तरेकडे निघाली, कारण रस्त्यांची कामे खोळंबली होती.

बोगद्यांचेही तेच. सोनमर्गचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी खुला झाला. त्याच्या तीन महिने आधी, २० ऑक्टोबर २०२४ ला, गगनगीर येथे कामगारांच्या छावणीवर दहशतवादी हल्ला झाला होता. एक डॉक्टर आणि सहा कर्मचारी मारले गेले. झोजिलाच्या मुख्य बोगद्याचे काम ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. त्यापूर्वीचे कंत्राट २०१९ मध्ये रद्द झाले होते. ज्यांना दोन तासांचा खोळंबा असह्य वाटतो, त्यांनी द्रासच्या लोकांनी या बोगद्यासाठी किती वर्षे थांबायचे, हाही हिशेब मांडावा.

म्हणून माझे मत असे, की दुरुस्तीसाठी जाहीर करून ठेवलेला बंद हा अन्याय नाही. या वाटेच्या इतिहासात सर्वांना एकाच नियमाने थांबवणारी व्यवस्था फार उशिरा आली. तिला वेठ म्हणणे चूक आहे. अन्याय सुरू होतो तो जाहीर वेळ पाळली जात नाही तेव्हा, किंवा एखाद्या लाल दिव्याच्या ताफ्यासाठी रांग मोडली जाते तेव्हा. त्यावर जरूर बोलावे, पुराव्यानिशी बोलावे.

रांगेचा क्रमही ठरवावा लागेल. ऑगस्ट २०२५ अखेरच्या अतिवृष्टीनंतर जम्मू–श्रीनगर महामार्ग बंद पडला, सफरचंदांचे ट्रक अडकून माल कुजू लागला आणि शेवटी सप्टेंबरात बडगामहून दिल्लीला सफरचंदांची मालगाडी सोडावी लागली. पर्यटकाचा खोळंबा म्हणजे एक चुकलेला मुक्काम. बागायतदाराचा खोळंबा म्हणजे वर्षाची कमाई. तेव्हा झोजिलाचे फाटक उघडेल तेव्हा सर्वांत पुढे द्रास-कारगिलच्या रुग्णाची गाडी असावी, तिच्यामागे नाशवंत माल, मग स्थानिकांची वाहने, आणि त्यांच्यामागे आपल्या मोटारसायकली.