काळोखाची शिफारस

‘असलं रडकं संगीत पोरांच्या कानावर पडू देऊ नका’ म्हणणारे आणि ‘इयान कर्टिस तेविसाव्या वर्षी गेला, म्हणून जॉय डिव्हिजन ऐक’ म्हणणारे एकमेकांचे कट्टर विरोधक समजले जातात. मला ते एकाच माळेचे मणी वाटतात. पहिल्यांच्या मते या संगीतातला काळोख म्हणजे रोग, आणि तो ऐकणाऱ्याला लागतो. दुसऱ्यांच्या मतेही तो रोगच, फक्त त्यांना त्याचं अप्रूप आहे. समोर वाजणाऱ्या रेकॉर्डकडे दोघांचंही लक्ष नाही.

आधी पहिला पक्ष घेऊ. खिन्न गाणी ऐकून माणूस खिन्न होतो, हा त्यांचा सिद्धान्त. मग मराठी माणसानं ‘एकच प्याला’ बघून काय केलं? १९१९ साली गडकऱ्यांचं हे नाटक रंगभूमीवर आलं, बालगंधर्वांची सिंधू पाहताना नाट्यगृहं रडली आणि तीच माणसं पुन्हा तिकीट काढून रडायला गेली. करुण रसातून आनंद कसा मिळतो, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले आहेत. आनंद मिळतो की नाही, याबद्दल मात्र फार थोड्यांना शंका होती. बर्लिनच्या दोन संशोधकांनी २०१४ साली ७७२ श्रोत्यांना विचारून जे नोंदवलं, तेही याच्याशी जुळतं. दुःखी संगीत ऐकताना सर्वाधिक लोकांना जाणवलेली भावना निव्वळ दुःखाची नव्हती, गतकाळच्या ओढीची होती. सिंधूला जो न्याय, तो मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनमधल्या चार पोरांना का नको?

इथे एक गोष्ट निक्षून सांगतो. ज्याची झोप उडाली आहे, जेवण सुटलं आहे, जगण्यावरचं मन उडालं आहे, अशा मित्राला मी रेकॉर्ड देणार नाही. त्याच्याजवळ बसेन आणि त्याला डॉक्टरांकडे नेईन. पण तो आजारी आहे म्हणून हे संगीतच आजारी ठरवणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं आहे.

दुसरा आक्षेप अधिक ठोस आहे: यात चाल नाही, काही घडत नाही, नुसतं घुमत राहतं. याला उत्तर द्यायचं तर एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत जावं लागेल. तिथे जॉय डिव्हिजनचा ‘अननोन प्लेझर्स’ ध्वनिमुद्रित होत होता. निर्माता मार्टिन हॅनेट याला ड्रमचा प्रत्येक ठोका निराळा, स्वच्छ हवा होता. एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये गळलेला त्याला चालत नसे. म्हणून त्यानं स्टीफन मॉरिसला ड्रमचा संच सुटा करून एकेक भाग वेगळा वाजवायला लावला. मग ते ठोके डिजिटल डिलेमधून काढले, म्हणजे प्रत्येक ठोक्यामागे त्याची किंचित उशिरा येणारी सावली जोडली. इमारतीतल्या लिफ्टचा खडखडाट आणि काच फुटल्याचा आवाजही त्यानं रेकॉर्डमध्ये घेतला. ऐकताना वाटतं, गाणारा मोठ्या रिकाम्या गोदामात उभा आहे आणि ड्रम कुठेतरी पलीकडच्या भिंतीशी वाजतोय. ते गोदाम कुठे नव्हतंच. ते एका माणसानं यंत्रांपाशी बसून, हट्टानं, ठोक्याठोक्यानं बांधलं.

आणि चाल? ती बेसवर आहे. बर्नार्ड सम्नरच्या गिटारच्या गोंगाटात स्वतःचा बेस ऐकू यावा म्हणून पीटर हुक वरच्या पट्टीत वाजवू लागला आणि गाण्याची धून त्याच्या हाती आली. नव्या श्रोत्याला एवढंच सांगा, ‘बेसकडे कान ठेव’, की चाल नसल्याची तक्रार संपते. आपण शिफारस करणारे मात्र हे सांगत नाही. ‘जबरदस्त आहे, अंगावर येतं’ म्हणतो आणि मोकळे होतो.

हुक आणि सम्नर यांना तो अल्बम सुरुवातीला आवडलाच नव्हता. त्यांना मंचावर वाजवतो तसा दणदणीत, आक्रमक आवाज हवा होता. हॅनेटनं आपलं संगीत विझवून टाकलं असं त्यांना वाटलं. काळोख हा कलावंताच्या जखमेतून आपोआप झिरपतो, या लाडक्या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांचा म्हणून तो काळोख प्रसिद्ध आहे, त्यांच्यातल्याच दोघांना तो नको होता!

‘इंग्लंडमधल्या गोऱ्या पोरांचे हे काळे कपडे घालून केलेले नखरे’, असंही ऐकायला मिळतं. नॉर्थॅम्प्टनच्या बाउहाउस या बँडचं १९७९ सालचं ‘बेला लुगोसीज डेड’ ऐका. नऊ मिनिटांहून लांब गाणं. त्यातला खाली उतरत जाणारा बेस आणि गिटारचे पोकळीत विरणारे प्रतिध्वनी जमैकाच्या डब संगीताकडून आले आहेत. किंग्स्टनमध्ये रेडिओ दुरुस्त करणाऱ्या किंग टबीसारख्या माणसानं तयार गाण्यातून आवाज काढून घेऊन, उरलेल्याला प्रतिध्वनी देऊन जी कला उभी केली, तिचं ऋण या गाण्यावर उघड दिसतं. नखरे असतील, पण त्यांच्या खाली पक्कं कसब आहे.

आता दुसरा पक्ष, म्हणजे आपलेच लोक. यांच्यावर माझा राग जास्त आहे, कारण शिफारस यांच्या हाती आहे. जॉय डिव्हिजनचा गायक कर्टिस याला अपस्माराचे झटके येत होते, संसार मोडत चालला होता, आणि १८ मे १९८०ला, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, त्यानं आयुष्य संपवलं. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी राहिली. ही एका घरावर कोसळलेली आपत्ती आहे. तिचा जाहिरातीसारखा वापर करताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही? शिवाय श्रोत्याचंही नुकसान होतं. ही गोष्ट आधी सांगितली, की तो प्रत्येक ओळीत मृत्यूची चाहूल शोधतो आणि मॉरिसचे ड्रम त्याला ऐकूच येत नाहीत. ‘अननोन प्लेझर्स’च्या मुखपृष्ठावरच्या, पीटर सॅव्हिलनं मांडलेल्या पल्सार ताऱ्याच्या लहरी आज टी-शर्टवर जगभर फिरतात. त्या ज्यांच्या अंगावर आहेत, त्यांच्यापैकी कितीजणांना बेस आठवत असेल?

मृत्यूवाचून हा काळोख खरा ठरत नसेल, तर मग द क्युअर या बँडच्या रॉबर्ट स्मिथचं काय करायचं? १९८९ साली, तिशी गाठताना त्यानं ‘डिसिन्टिग्रेशन’ केला. त्याच अल्बममधलं ‘लव्हसाँग’ त्यानं बायकोला लग्नाची भेट म्हणून लिहिलं होतं आणि ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढे, १६ वर्षं नवा अल्बम नसताना, पासष्टीच्या स्मिथनं २०२४ मध्ये ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ आणला आणि तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं एक गाणं भावाच्या मृत्यूवरचं आहे. जगत राहून, माणसं गमावत, वय वाढत असताना काळोखाचं हे काम करता येतं. उलट वयानं त्याला धीर दिला आहे. ‘अलोन’मध्ये आवाज येण्याआधी वाद्यं तीन मिनिटांहून अधिक वाजत राहतात, आणि त्यात एक क्षणही उगाच ताणल्यासारखा वाटत नाही.

म्हणून नवख्याच्या हाती मी ‘डिसिन्टिग्रेशन’ देतो. त्याच बँडचा ‘पॉर्नोग्राफी’ नव्हे. तो १९८२चा अल्बम मोठाच आहे, पण नव्या माणसाची सहनशक्ती तपासायला म्हणून तोच आधी पुढे करण्याची आपल्यात खोड आहे आणि ती शिफारस नसून चाचणी आहे. पन्नास नावांची यादीही पाठवू नये. यादी कुणी ऐकत नाही. एक अल्बम द्यावा, तोही क्रमानं ऐकायला सांगावा. ‘प्लेनसाँग’ची बारीक किणकिण ऐकून आवाज वाढवला, की पुढच्याच क्षणी कीबोर्डची लाट अंगावर येते, आवाज कमी करू नकोस, असं सांगून ठेवावं. हे संगीत मोठ्यानं ऐकण्यासाठीच मिक्स केलं आहे, असं त्या अल्बमवर छापलेलंच आहे.

तो पचला तर मग ‘अननोन प्लेझर्स’, आणि त्यानंतर ‘क्लोजर’. हा कर्टिस गेल्यावर दोन महिन्यांनी बाजारात आला. कर्टिसबद्दल मित्रानं विचारलं तर सगळं खरं सांगा, पत्नी आणि मुलीसकट. पण आधी दोन्ही अल्बम ऐकून होऊ द्या.